दोन रेघांच्या खाली

मेलिंग लिस्टवर माणसं कोणकोणत्या चुका करतात याची मंजूषाताई उपाध्यांकडे तोंडपाठ यादी होती, आणि तीत पहिला नंबर ठरलेला होता. गड्याला लिस्टमधून बाहेर पडायचं असतं. त्यासाठी प्रत्येक मेलच्या तळाशी एक बटण दिलेलं असतं. ते डोळ्यांसमोर असताना तो 'माझे नाव कमी करावे' असा अर्ज सरळ सहा हजार लोकांना धाडून मोकळा होतो. मग दुसरा त्याला, तोही सर्वांसमक्ष, समजावतो की असं सर्वांना पाठवू नये. तिसरा दुसऱ्याला म्हणतो, मग तू काय केलंस? चौथ्याला आठवतं की अरे, आपल्यालाही बाहेर पडायचंच होतं. एकदा अशाच एका अर्जावरून 'पातळी' लिस्टवर अडीच दिवस धुमाकूळ चालला होता आणि शेवटी मंजूषाताईंनी सगळ्यांचीच तोंडं दोन दिवस बंद केली होती.

तेव्हा त्या मंगळवारी सकाळी असा अर्ज समोर आल्यावर त्यांना हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण अर्जाखाली सही होती दिवाकर मडावी यांची.

मडावीभाऊ लिस्टच्या पहिल्या वर्षापासूनचे सभासद. नवख्यांसाठी 'लिस्टमध्ये कसे यावे, कसे वागावे, कसे जावे' हे पान त्यांनीच लिहिलेलं. बटण कुठे असतं हे ज्याने उभ्या महाराष्ट्राला दाखवलं, तो माणूस बटण विसरेल? पत्रात एकच वाक्य होतं, 'माझे नाव यादीतून कमी करावे.' त्याखाली दोन आडव्या रेघा, रेघांच्या खाली नाव आणि गाव. बस.

मंजूषाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. रेघांच्या खाली नावागावाशिवाय काही नसणं, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. ते का, हे कळायला 'पातळी'ची रीत आधी सांगितली पाहिजे.

'पातळी' ही नद्यांची उंची मोजणाऱ्यांची लिस्ट. पुलाच्या कठड्याला किंवा घाटावरच्या खांबाला एक लहानसं यंत्र टांगलेलं असतं. ते पाण्याकडे तोंड करून आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतं. आवाज पाण्यावर आपटून परत येतो आणि त्याला जायला-यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. आवाज लवकर परतला तर पाणी चढलं. राज्यभरात अशी दोन हजारांवर यंत्रं, आणि ती सांभाळणारे लोक म्हणजे पाटबंधाऱ्यातले निवृत्त कर्मचारी, शाळामास्तर, कॉलेजातली पोरं, एखादा हौशी सायकल दुरुस्तीवाला. यंत्र बिघडलं तर या मंडळींनी विचारायचं कुणाला? म्हणून ही लिस्ट. मंजूषाताई सांगलीच्या एका तंत्रनिकेतनात शिकवत होत्या तेव्हा, २०१९च्या पुरानंतर, त्यांनी चार जणांना घेऊन ती सुरू केली. चाराचे सहा हजार झाले आणि दिवसाला तीनशे पत्रं येऊ लागली.

तीनशे पत्रांची लिस्ट चालवणं म्हणजे लग्नघरातलं कोठार सांभाळणं. कोण काय मागतो, कुणाला कुठे धाडायचं, कोण रुसलं, कोण तेच तेच तिसऱ्यांदा विचारतोय. मंजूषाताईंनी ते कडक शिस्तीने सांभाळलं. विषय सोडून एक अक्षर लिहायचं नाही, हा त्यांचा नियम. वाढदिवस नाहीत, सुविचार तर नाहीच नाहीत. एका प्राध्यापकांनी दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या, तर 'नदीच्या पातळीशी संबंध स्पष्ट करावा' असा शेरा घेऊन त्या परत गेल्या. प्राध्यापक वर्षभर बोलले नाहीत.

पण नियम आला की पळवाटही येते. मेलचा मजकूर संपला की दोन आडव्या रेघा मारायच्या आणि खाली सही करायची, ही फार जुनी पद्धत. रेघांच्या वर ते पत्र, खाली ती सही. आता सही म्हणजे काही मजकूर नव्हे, तेव्हा तिला नियम लागू होत नाही, असा शोध कुणीतरी लावला. वर लिहिलेलं असायचं, 'बॅटरी दोन दिवसांत उतरते, काय करावे?' आणि रेघांच्या खाली, 'शिवराम यादव, पाटण. मुलगी झाली.' मंजूषाताई वर बॅटरीचं उत्तर द्यायच्या आणि आपल्या रेघांखाली, सहीनंतर, लिहायच्या, 'नाव काय ठेवलं?' नियम मोडला असं कुणाच्या बापाला म्हणता आलं नसतं. बघता बघता सगळी लिस्ट तसं करू लागली. वर नद्या वाहत होत्या आणि खाली संसार.

मडावींचं स्टेशन गडचिरोलीत, पर्लकोटा नदीवर. दर ऑक्टोबरात, पाणी उतरलं की त्यांचं पत्र यायचं आणि दर वर्षी तेच असायचं. 'पाणी ओसरले तरी पातळी चढलेली दिसते. काय करावे?' उत्तरही तेच. यंत्राच्या तोंडात कोळी जाळं करतो. आवाज पाण्यापर्यंत पोचायच्या आत जाळ्यावरूनच परततो आणि यंत्राला वाटतं, पूर आला. मऊ ब्रशने जाळं काढावं, ओलं फडकं लावू नये. पहिल्या वर्षी मडावींना हे खरंच माहीत नव्हतं. पुढची सगळी वर्षं त्यांना ते पक्कं माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मंजूषाताईंना माहीत होतं. खरं पत्र रेघांच्या खाली असायचं. 'पोरगी बारावी झाली.' 'यंदा धान बरं आहे.' 'तुमच्या आईंचा गुडघा कसा आहे?' मंजूषाताई ब्रशचं उत्तर दर वर्षी नव्याने टाइप करायच्या, जुनं उचलून चिकटवायच्या नाहीत, आणि खाली विचारायच्या, 'नदी कशी आहे?' मग मडावींचं आणखी एक पत्र यायचं, नदीचं. त्यात पातळीचा एकही आकडा नसायचा.

दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. फोनवर बोलणंही नव्हतं. पण ऑक्टोबर लागला की मंजूषाताईंची आई पलंगावरून विचारायची, "कोळी आला का गं तुझा?" आणि मंजूषाताईंना राग यायच्या ऐवजी बरं वाटायचं.

मग आईने अंथरूण धरलं. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ ऑस्ट्रेलियात, घरात दोघीच. तीनशे पत्रं आणि आईचं सगळं, हे एका माणसाच्याने होणं शक्य नव्हतं. त्याच वर्षी, २०४०च्या ऑगस्टमध्ये, पुण्याच्या अभिराम टिपणीसाने लिस्टला 'दुवा' बसवला. अभिराम लिस्टचं यंत्रकाम पाहायचा. पन्नाशीचा, हुशार, आणि उपकार करून वर बोलून न दाखवणारा माणूस.

दुवा काय करायचा ते अभिरामने फार सोपं करून सांगितलं होतं. किराणा दुकानात नवा माल आला की दुकानदार नाव वाचत बसत नाही. हातात घेतो, वास घेतो आणि ठरवतो, हे धण्याशेजारी, हे जिऱ्याशेजारी. दुवा प्रश्नांचं तेच करतो. शब्द काहीही असोत, तो त्यातला अर्थ हेरतो आणि अर्थाच्या एका भल्यामोठ्या नकाशावर त्या प्रश्नाला जागा देतो. सारखे प्रश्न आपोआप शेजारी शेजारी पडतात. नवा प्रश्न जुन्याच्या अगदी जवळ पडला, तर तो जुनाच समजायचा. तो लिस्टवर जातच नाही. त्याचं जुनं उत्तर, ज्याने दिलं त्याच्याच धाटणीत, त्याच्याच सहीने, विचारणाऱ्याला परस्पर रवाना होतं. अकरा सेकंदांत. मात्र ज्याची सही वापरायची त्याने एका चौकोनात खूण करून परवानगी द्यायची.

आईला कुशीवर वळवून, हात धुऊन, मंजूषाताईंनी ती खूण केली होती. त्यात चूक काही नव्हतं. तीनशेची पाच पत्रं झाली. आईच्या शेवटच्या चार महिन्यांत त्या तिच्याजवळ बसू शकल्या, ते त्या खुणेमुळेच.

आई डिसेंबरात गेली. तेरा दिवस माणसं आली, चौदाव्या दिवशी घर रिकामं झालं. मंजूषाताई सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसल्या तर पाच पत्रं. ती अर्ध्या तासात संपली. मग दिवस उरला. दुसऱ्या दिवशीही उरला. लिस्ट तर झकास चालली होती. दरमहा दुवा अहवाल द्यायचा की तुमच्या नावाने इतकी उत्तरं गेली, इतके सभासद समाधानी. खूण काढून टाकावी असं त्यांच्या मनात यायचं, पण ती काढायची कशासाठी? लोकांना अकरा सेकंदांत मिळतंय ते चार तासांनी मिळावं म्हणून? आपल्याला करमत नाही म्हणून? असलं कारण तोंडाने सांगायची त्यांना लाज वाटली.

पुढच्या ऑक्टोबरात मात्र त्या वाट पाहत राहिल्या. मडावींचं पत्र आलं नाही. मागल्या ऑक्टोबरातही आलं नव्हतं, हे तेव्हा आठवलं. आईच्या आजारपणात ते राहूनच गेलं होतं. आपणच लिहावं, असं चार वेळा मनात आलं. पण लिहायचं काय? विषय सोडून लिहायचं नाही, हा नियम कुणाचा? आणि वीस वर्षांनी एखाद्याला कोळ्याचा कंटाळा आला, तर आपण कोण विचारणाऱ्या? तिसऱ्या ऑक्टोबरातही पत्र नाही म्हटल्यावर त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की तो विषय संपला. माणूस एकटा पडला की असे निकाल फार लवकर लावतो.

आणि आता चौथ्या ऑक्टोबरात हा अर्ज.

अर्ज त्यांच्यापर्यंत पोचला यालाही कारण होतं. बटण दाबून जाणाऱ्याचं नाव यंत्र परस्पर काढतं. पण लेखी अर्ज आला तर तो माणसाने वाचायचा, माणसाने मंजूर करायचा आणि अठ्ठेचाळीस तासांत त्या सभासदाचं नाव, पत्ता, फोन, सगळं पुसून टाकायचं, असा नवा कायदा होता. म्हणजे गुरुवारी सकाळी नऊनंतर मडावी कुठे आहेत हे सांगणारं लिस्टजवळ काही उरणार नव्हतं. कायद्याची ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नव्हती. मडावींना होती. 'कसे जावे' या पानावर ती त्यांनीच लिहिली होती.

मंजूषाताईंनी अभिरामला फोन लावला. मडावींची गेल्या तीन वर्षांतली पत्रं आहेत का, एवढंच विचारलं. तो पाच मिनिटांत परत बोलला. होती. तीन ऑक्टोबर, तीन पत्रं, तिन्ही वेळा प्रश्न शब्दशः तोच. दुव्याने तिन्ही वेळा जुनाच प्रश्न म्हणून उत्तर पाठवलं होतं. अभिरामच्या आवाजात थोडा अभिमान होता, कारण शंभर टक्के जुळणी क्वचितच मिळते.

"आणि रेघांच्या खाली काय होतं?" मंजूषाताईंनी विचारलं.

"रेघांच्या खाली सही असते, ताई."

मग हळूहळू उलगडलं. प्रश्न नकाशावर ठेवायच्या आधी दुवा तो साफ करून घ्यायचा. जुन्या पत्रांची अवतरणं काढायची, जाहिराती काढायच्या, आणि दोन रेघांच्या खालचं सगळं काढायचं. जगातला कुठलाही मेल प्रोग्रॅम दोन रेघा ओळखतो, त्यांच्या खालचा मजकूर म्हणजे फापटपसारा, हे त्याला शिकवावं लागत नाही. मंजूषाताईंची धाटणी शिकतानाही दुव्याने त्यांच्या रेघांखालचं छाटूनच घेतलं होतं. अभिराम लिस्टवर आला तोच यंत्रासाठी. त्याचं स्वतःचं स्टेशन नव्हतं, त्याने कधी कुणाला बॅटरी विचारली नव्हती. खालच्या ओळींची रीत त्याला कुणी सांगितली नाही, आणि सांगणार कोण? ती तर कुणी करतच नव्हतं, अधिकृतपणे.

छाटलेलं जातं कुठे, असं त्यांनी विचारलं. अभिराम म्हणाला, 'उर्वरित' नावाच्या एका फोल्डरमध्ये पडतं, आजवर कुणी उघडलेलं नाही. मंजूषाताईंनी ते उघडून मागितलं.

एक्केचाळीस हजार ओळी होत्या. 'बायपास झाली, आता बरा आहे.' 'धाकट्याला नोकरी लागली.' 'तुम्ही सांगितलेलं पुस्तक मिळालं नाही.' 'आज वडिलांचं वर्षश्राद्ध.' 'कोणी आहे का?' शिवराम यादवांची मुलगी शाळेत जायला लागली होती. ते रुसलेले प्राध्यापक गेल्या वर्षी वारले होते आणि जायच्या आधी त्यांनी खाली लिहिलं होतं, 'मॅडम, दिवाळीच्या शुभेच्छा. संबंध स्पष्ट करता येत नाही.' तीन वर्षं सहा हजार माणसं एकमेकांना हाका मारत होती आणि त्यांना ब्रश, बॅटरी आणि केबलची उत्तरं मिळत होती, नम्र आणि अचूक. पुष्कळांच्या उत्तरांखाली 'मंजूषा उपाध्ये, सांगली' होतं.

मडावींच्या तीन ओळी त्यांनी शोधून काढल्या.

पहिली, आई अंथरुणात होती त्या ऑक्टोबरातली: 'हिला बरं नाही. चंद्रपूरला नेतो आहे. तुमच्या आईंची तब्येत कशी आहे?'

दुसरी: 'ही श्रावणात गेली. जाळं काढताना शिडी तीच धरायची.'

तिसरी: 'ताई, माझं काही चुकलं का?'

तिन्हींवर उत्तर गेलं होतं, मऊ ब्रशने जाळं काढावं, ओलं फडकं लावू नये.

मंजूषाताई खुर्चीत बसून राहिल्या. बसून राहिल्या म्हणजे दुसरं काही करताच येईना. त्यांना रडू आलं नाही, नुसती लाज वाटली, आईने भरल्या पंगतीत हात धरून उठवावं तशी. यंत्राने काय केलं? त्याला जे पत्र म्हणून सांगितलं तेवढं त्याने वाचलं. माणसांनी आपला जीव दोन रेघांच्या खाली नेऊन लपवला, तो कुणाच्या धाकाने?

त्यांनी अभिरामला पुन्हा फोन करून सांगितलं की माझी खूण काढ. तो गडबडला. गेल्या वर्षीच्या पुराची त्याने आठवण करून दिली. एका दुपारी एकशेचाळीस स्टेशनांवर एकच बिघाड आला, दुव्याने सगळ्यांना पाऊण तासात उत्तरं दिली आणि खालची तीन गावं वेळेवर हलली. हाताने उत्तरं द्यायची असती तर काय झालं असतं? मंजूषाताईंना ते कबूल होतं. दुवा बंद करा असं त्यांचं म्हणणंच नव्हतं. दुव्याने दुव्याच्या नावाने उत्तरं द्यावीत, अकरा सेकंदांत द्यावीत. माझ्या नावाने देऊ नयेत. आणि रेघांच्या खालचं छाटून टाकू नये, ते माझ्याकडे पाठवावं.

"ताई, एक्केचाळीस हजार आहेत. वर रोजच्या पस्तीस-चाळीस येतील."

"मला दुसरं काय काम आहे, अभिराम?"

यावर तो कामाला लागला. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं करून दिलं आणि रात्री जेवणाच्या सुमारास एक मेल पाठवला. त्यात कामाचा तपशील होता, दोन रेघा होत्या, आणि खाली लिहिलं होतं, 'मला खरंच माहीत नव्हतं.'

बुधवारी सकाळी मंजूषाताईंनी मडावींच्या नोंदीतला फोन नंबर लावला. बाईमाणसाने उचलला. मडावींची मुलगी, रोशनी. बारावी झालेली ती हीच, आता तालुक्याला नर्स होती आणि सुट्टीवर घरी आली होती. बाबा नदीवर गेले आहेत, फोन घरीच ठेवून जातात, असं तिने सांगितलं. कोण बोलतंय म्हणून विचारलं. मंजूषाताईंनी नाव सांगितलं.

"ब्रशवाल्या बाई का तुमी?" रोशनी म्हणाली.

मंजूषाताईंनी हो म्हटलं.

"आई गेली तेव्हा बाबा कोनाशी बोलत नव्हते, जी. तुमाले मात्र लिहिलं त्याहीनं. म्हने, सांगलीच्या ताईचं उत्तर येईल, ते बरोबर लिहितात. उत्तर आलं तं आमाले सगळ्यायले बसवून मोठ्यानं वाचाले घेतलं. मऊ ब्रश घ्या म्हनून. मंग पुढचं वाचलंच नाही त्याहीनं, उठून गेले."

मंजूषाताईंनी सगळं सांगितलं. यंत्र, खूण, रेघा. सांगताना त्यांचं त्यांनाच ते सबबीसारखं वाटत होतं. रोशनीने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं की स्टेशनही आता राहिलेलं नाही. पातळी उपग्रहावरून मोजतात, परवा माणसं येऊन यंत्र काढून घेऊन गेली, खांब तेवढा उभा आहे. म्हणूनच नाव कमी करायचं म्हणत होते. बटण दाबा म्हटलं तर बाबा म्हणाले, बटण नको, सांगलीच्या ताईच्या हातानं होऊ दे.

"मी सांगून पाहतो," ती शेवटी म्हणाली, "पन तुमीच लिहा. बाबाले कागदावरचंच खरं वाटते. फोनवर ते कोनाचंच ऐकत नाही."

पत्र लिहायला मंजूषाताईंना बुधवारची दुपार पुरी पडली नाही. चोवीस वर्षांत हजारो पत्रं लिहिली, पण ती सगळी रेघांच्या वरची. सुरुवात कशी करायची इथेच गाडी अडली. तीन मसुदे खोडले. गुरुवारी सकाळी आठ वाजता चौथा झाला.

'मडावीभाऊ,

तुमची तिन्ही पत्रं मी मंगळवारी वाचली. आधी वाचली नव्हती. माझ्या नावाने उत्तरं गेली ती यंत्राने दिलेली, पण नाव वापरायची परवानगी माझी होती, म्हणून दोष माझाच धरा. तुमचं काही चुकलं नाही. वहिनी गेल्या हे मला दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं आणि कळलं नाही. माझी आईही गेली, तुमच्या पहिल्या पत्रानंतरच्या डिसेंबरात. तिने शेवटच्या ऑक्टोबरात विचारलं होतं, कोळी आला का म्हणून. मी नाही म्हणाले.

नियमाप्रमाणे आज नऊ वाजता तुमचं नाव मी माझ्या हाताने काढते आहे. पत्ताही पुसला जाईल. तो मी उतरवून ठेवलेला नाही, कारण तुम्ही कमी करायला सांगितलं आहे. पण बाहेरच्या माणसाचं पत्र आलं तर ते दारात थांबतं. दुव्याला सभासदांचीच पत्रं वाचायची परवानगी आहे, दारातली नाही. ती अजून मीच उघडते.'

खाली त्यांनी सवयीने दोन रेघा मारल्या. मग त्या पुसल्या आणि नुसतं नाव लिहिलं.

पत्र त्यांनी पाठवलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहत राहिल्या. नऊ, दहा, अकरा. अकरा सेकंद झाले. बारा झाले, वीस झाले. काही आलं नाही. मंजूषाताईंनी सोडलेला श्वास त्यांचा त्यांनाच ऐकू आला. उत्तर आलं नव्हतं, म्हणजे पलीकडे माणूस होता.

नऊ वाजता त्यांनी नाव काढलं. यंत्राने विचारलं, नक्की काढायचं? त्यांनी हो म्हटलं आणि पर्लकोटा यादीतून गेली. फोनमध्ये रोशनीचा नंबर उरला होता. तो त्यांनी पुसला नाही, पण लावलाही नाही.

मग त्या उर्वरित ओळींना बसल्या. एक्केचाळीस हजारांतली पहिली ओळ तीन वर्षांपूर्वीची होती, परभणीच्या कुणा एकाची. 'सून रुसून माहेरी गेली आहे.' मंजूषाताईंनी लिहिलं, 'उशिरा विचारते, परत आली का?' चार दिवसांत दोनशे झाल्या. काहींना उत्तरं आली, काहींना नाही. काहींचे पत्ते बंद होते. एकाने रागाने लिहिलं की तीन वर्षांनी चौकशी करताय, लाज नाही वाटत? त्यांनी लिहिलं, वाटते.

दारातली पत्रं त्या रोज सकाळी पहिल्यांदा उघडायच्या. तिथे जे येतं तेच येत होतं. केस वाढवण्याचं तेल, परदेशातली लॉटरी, एका राजपुत्राचा वारसा. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. पुढचा आठवडा तसाच गेला. ऑक्टोबर संपायला आला. त्यांनी कॅलेंडरचं पान उलटलं नाही, पण ते आपोआप उलटायची वेळ जवळ येत होती.

एकतीस तारखेला सकाळी दारात एक पत्र होतं. पाठवणारा: अनोळखी.

'स्टेशन काढून नेले. खांबावर आता यंत्र नाही. तरी पाणी ओसरले असताना पातळी चढलेली दिसते. काय करावे?'

रेघा नव्हत्या. नावही नव्हतं. वाक्य संपलं की पत्र संपत होतं.

मंजूषाताईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. घराच्या आतल्या खोलीकडे तोंड करून, तिथे ऐकायला कुणी नसताना, त्या म्हणाल्या, "आला गं."

मग त्यांनी टाइप करायला घेतलं. जाळ्याबद्दल काहीच लिहिलं नाही, ब्रशबद्दलही नाही. पत्राच्या अगदी वरच्या ओळीत, जिथे चोवीस वर्षं फक्त नियमात बसणारंच लिहिलं जात होतं, तिथे त्यांनी विचारलं, 'नदी कशी आहे?'